‘वाचलं की सगळं बरोबरच वाटतं’

ताई,
मी ठाण्यापलीकडे दिव्याला राहते, वय २४. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी. कॉम. केलं. सकाळी दादरला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि दुपारनंतर तिथल्याच एका अभ्यासिकेत. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची स्टाफ सिलेक्शनची सीजीएल परीक्षा दोनदा दिली, बँकेची क्लार्कची परीक्षा एकदा. गणित आणि रिझनिंग निभावतं, पण इंग्रजीत ‘वाक्यातली चूक ओळखा’ आलं की घात होतो. वाक्य वाचलं की सगळं बरोबरच वाटतं. क्लासच्या नोट्समध्ये १२० नियम आहेत, ते तीनदा पाठ केले. रोज रात्री ४० प्रश्न सोडवते, त्यातले सोळा-सतरा बरोबर येतात, वर जातच नाही. इंग्रजी माध्यमातली मैत्रीण म्हणते, ‘कानाला खटकतं गं, नियम कशाला हवेत?’ माझ्या कानाला काहीच खटकत नाही. आता रोज साठ-सत्तर प्रश्न करू, की हा भाग सोडूनच देऊ? मागच्या आठवड्यात चुकलेली वीस वाक्यं सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, दिवा

अगं, दोन्हींतलं काहीच करू नकोस. तू ती वीस वाक्यं पाठवलीस हे फार बरं केलंस. नुसतं ‘इंग्रजी कच्चं आहे’ असं लिहिलं असतंस, तर मलाही काही सांगता आलं नसतं. दोन संध्याकाळ मी ती घेऊन बसले. प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने त्याचं मराठी लिहिलं, म्हणजे तू ते वाचताना तुझ्या मनात जे मराठी उमटलं असेल ते. मग गठ्ठे केले. सात वाक्यांत क्रियापदाचा कर्ता हुकला आहे. पाच काळाची आहेत. तिनांत ‘पेक्षा’चा घोळ आहे, तिनांत जास्तीचं प्रिपोझिशन (नामाआधी येणारे ‘इन’, ‘टु’सारखे शब्द) आणि दोन ‘अ’, ‘ॲन’ची. म्हणजे तुझ्या चुका वीस नाहीत, पाच आहेत, आणि पाचांचंही मराठीशी काहीतरी नातं आहे. इंग्रजी वाक्य चुकलेलं असतं, पण त्याच्याखालचं मराठी वाक्य अगदी शुद्ध असतं. म्हणून तुला ते बरोबर वाटतं. तुझा कान चोख काम करतो आहे, फक्त तो ऐकतोय मराठी.

हे मला कळायला बराच काळ लागला होता. माझीही शाळा मराठीच. पहिल्या नोकरीत गावाहून परत आल्यावर रजेचा अर्ज लिहिला: ‘आय हॅड गॉन टु माय नेटिव्ह प्लेस लास्ट वीक.’ साहेबांनी ‘हॅड गॉन’भोवती लाल गोल केला आणि कागद परत दिला. काय चुकलं ते सांगितलं नाही. मी घरी येऊन व्याकरणाचं पुस्तक उघडलं. ‘हॅड’च्या पुढे ‘गॉन’ हवं, तेच मी लिहिलं होतं. मग चूक कुठे? कित्येक दिवस तो लाल गोल माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, कुठे होतीस? मी म्हटलं, ‘मागच्या आठवड्यात गावी गेले होते.’ आणि तिथेच उलगडलं. आपण मराठीत साध्या भूतकाळालाही ‘होते’ लावतो. काल दादरला गेले होते, परवा पाऊस पडला होता. इंग्रजीत ते ‘हॅड’ असं मोकळं वापरत नाहीत. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती घडली हे दाखवायचं असेल तेव्हाच ते हवं. मी पोहोचले तेव्हा गाडी सुटली होती, इथे ‘हॅड लेफ्ट’ बरोबर. नुसतं ‘लास्ट वीक’, ‘यस्टरडे’ असेल तर साधं ‘वेंट’. तुझ्या यादीतलं चौथं आणि सोळावं वाक्य याच ‘होते’चं आहे.

काळाची उरलेली तीन ‘पासून’ची आहेत. ‘पाच वर्षांपासून दिव्याला राहते’ आणि ‘२०१९पासून दिव्याला राहते’, दोन्हीकडे आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत पाच वर्षं हा कालावधी, म्हणून ‘फॉर’. २०१९ हा आरंभबिंदू, म्हणून ‘सिन्स’. शिवाय आपण ‘राहते’ म्हणतो, म्हणजे वर्तमानकाळ, म्हणून तोंडात ‘आय ॲम लिव्हिंग’ येतं. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. एका ‘पासून’मध्ये दोन खड्डे आहेत आणि पेपर काढणाऱ्याला दोन्ही ठाऊक आहेत. वाक्यात ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसला की आधी पुढचा शब्द बघायचा, मग उलट मागे जाऊन क्रियापद बघायचं.

आता त्या सात वाक्यांकडे ये. तिथेच सगळ्यात जास्त गुण सांडतात. तुझ्या यादीतलं दुसरं वाक्य: ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड.’ तू ‘चूक नाही’वर खूण केलीस. हेच मराठीत म्हणून बघ: आंब्यांचा दर्जा चांगला नव्हता. ‘आंब्यांचा दर्जा चांगला नव्हते’ असं तू झोपेतही म्हणणार नाहीस. का? मराठीत ‘आंब्यांचा’ आधी येतो आणि ‘दर्जा’ क्रियापदाकडे सरकतो. खरा कर्ता क्रियापदाजवळ राहतो, चुकायला जागाच नसते. इंग्रजीत क्रम उलटा. ‘क्वालिटी’ पुढे निघून जाते आणि क्रियापदाला खेटून उभे राहतात ‘मँगोज’. डोळा जवळच्या शब्दाला कर्ता समजतो. म्हणजे इथे मराठी तुला फसवत नाहीये, उलट तीच सोडवते. असं वाक्य आलं की मनात मराठी कर आणि क्रियापदाच्या जवळ कोण आलं ते बघ. ‘निवड झालेल्या उमेदवारांची यादी लागली.’ लागली कोण? यादी. एकच आहे. मग ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स’च्या पुढे ‘हॅज’, ‘हॅव’ नाही. ‘दोन क्लार्कांसह मॅनेजर आला’, इथे आला एकटा मॅनेजर. म्हणून ‘अलाँग विथ टू क्लार्क्स’ मध्ये घुसलं तरी क्रियापद एकवचनीच. ‘ॲज वेल ॲज’चंही तसंच.

एकच सांभाळ. ‘एव्हरीवन’चं मराठी ‘सगळे’ करू नकोस, नाहीतर ‘सगळे आले’ म्हणून तू ‘हॅव’ करशील. ते ‘प्रत्येकजण’ कर. प्रत्येकजण आला, एकवचन, प्रश्न मिटला.

पेक्षा. आपल्याकडे तुलनेला हा एकच शब्द पुरतो. माझ्यापेक्षा सीनियर, कॉफीपेक्षा चहा आवडतो. म्हणून ‘सीनियर दॅन मी’ आणि ‘आय प्रिफर टी दॅन कॉफी’ कानाला गोड लागतात. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे शब्द लॅटिनमधून येतानाच पोटात तुलना घेऊन आले आहेत. त्यांना ‘टु’ लागतो, आणि ‘मोअर’ तर मुळीच लागत नाही. ‘मोअर सुपीरियर’ दिसलं की चूक तिथेच आहे. ‘प्रिफर’लाही ‘टु’.

जास्तीच्या प्रिपोझिशनचं असं आहे की आपण नामाला काहीतरी जोडल्याशिवाय राहत नाही. विषयाविषयी चर्चा, डॉक्टरशी लग्न, ठाण्याला पोहोचले, खोलीत शिरले. म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘मॅरीड विथ’, ‘रीच्ड टु ठाणे’, ‘एंटर इन द रूम’. इंग्रजीत डिस्कस, रीच, एंटर, रिझेम्बल ही क्रियापदं थेट नामाला भिडतात. ‘मॅरीड’ला फार तर ‘टु’. करार करायचा असेल तेव्हा मात्र ‘एंटर इन्टु ॲन ॲग्रीमेंट’ बरोबर, आणि शहाणी पोरं तिथेच ‘इन्टु’ खोडून बसतात.

‘अ’ आणि ‘ॲन’साठी तर तुझ्याजवळ मैत्रिणीपेक्षा चांगलं साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नकोस. शब्द देवनागरीत लिही आणि पहिलं अक्षर स्वर आहे की व्यंजन ते बघ. युनिव्हर्सिटी: य, व्यंजन, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ऑनेस्ट: ऑ, स्वर, म्हणून ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. अवर, म्हणजे तास: ‘ॲन अवर’. एमएलए: ‘ॲन एमएलए’. युरोपियन: ‘अ युरोपियन’. वन-रुपी कॉइन: व आहे, ‘अ’. नियम आवाजाचा आहे आणि आपली लिपी आवाजच लिहिते. तुझ्या यादीतली दोन्ही वाक्यं या युक्तीने पाच सेकंदांत सुटतात. (‘द’चं प्रकरण वेगळं. मराठीत त्याला जोडच नाही, त्यामुळे ते वाचूनच अंगवळणी पडेल. त्याबद्दल खाली लिहिते.)

जाता जाता अनेकवचनाचं, कारण यादीत नसलं तरी ते येणारच. माहिती, सामान, फर्निचर यांचं अनेकवचन आपणही करत नाही, म्हणून ‘इन्फॉर्मेशन्स’ तुला खटकेल. पण बातमीच्या बातम्या होतात, सल्ल्याचे सल्ले होतात आणि केस तर आपले नेहमी अनेकच. म्हणून ‘न्यूज आर’, ‘ॲडव्हायसेस’, ‘माय हेअर्स आर लाँग’ सुटून जातं. न्यूज इज, हेअर इज.

आता तुझ्या मैत्रिणीचा कान. तिला कमी लेखत नाही मी, लहानपणापासून इंग्रजी वाचलं की कानाला वळण लागतंच. पण तो कान मुंबईत वाढला आहे. इथल्या ऑफिसांत, कॉलेजांत, दुकानांत दिवसभर काय ऐकू येतं? सिन्स टू इयर्स, डिस्कस अबाउट, रिटर्न बॅक, कझिन ब्रदर. ही वाक्यं इतक्या वेळा कानावर पडली आहेत की तीच खरी वाटू लागतात. असलीच वाक्यं मग पेपरात येतात, कारण ती चुकीची आहेत हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. तिथे तिचा कान आणि तुझा कान एकाच रांगेत. कानाला खटकेल याची वाट बघायचीच नाही. तपासायचं. दवाखान्यात नवीन पेशंट आला की तू नाव, वय, फोन ठरलेल्या क्रमाने विचारतेस ना, तसंच. आधी क्रियापद शोध. मग त्याचा खरा कर्ता. मग काळ सांगणारा शब्द, असेल तर. मग प्रिपोझिशन आणि तुलना. शेवटी आर्टिकल, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. एवढं करूनही काही सापडलं नाही, तर ‘चूक नाही’वर खूण करून पुढे जायचं, परत मागे बघायचं नाही. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यातले २५ प्रश्न इंग्रजीचे, ५० गुणांचे. बरोबरला २ गुण, चुकीला अर्धा वजा. चार पर्यायांतले दोन खात्रीने बाद करता आले तर खूण कर, सोडू नकोस. बँकेच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं वेगळी मिळतात आणि चुकीला पाव गुण जातो. तिथेही क्रम हाच.

‘साठ-सत्तर करू का?’ नको गं. चाळीस प्रश्न सोडवून उत्तरं ताडायची, सोळा बरोबर बघून हिरमुसायचं आणि झोपायचं. यात त्या चोवीस चुकांकडे कोणी पाहिलंच नाही. रोज दहाच कर. एक वही घाल, दोनशे पानी, रेघांची. चुकलेलं वाक्य जसंच्या तसं लिही. खाली ते वाचताना मनात आलेलं मराठी लिही, प्रामाणिकपणे, पुस्तकी नाही. त्याखाली चुकीला तुझं स्वतःचं नाव दे: ‘पासून’, ‘होते’, ‘पेक्षा’, ‘आंबे’. १२० नियमांचे क्रमांक लक्षात राहत नाहीत, ‘आंबे’ राहतो. मग दुरुस्त वाक्य, आणि तशीच तीन वाक्यं तुझ्या दिवसातली. ‘द लिस्ट ऑफ पेशंट्स इज ऑन द टेबल’ हे तू रोज डोळ्यांनी बघतेस, ते विसरणार नाहीस. दुसऱ्या दिवशी नवीन दहांच्या आधी कालची दहा उत्तरं झाकून परत सोडव. आणि रविवारी उलटं काम: बरोबर वाक्य घेऊन तूच त्यात चूक पेर आणि मैत्रिणीला सोडवायला दे. चूक कुठे लपवली की दिसत नाही हे हाताने करून बघितलंस, की पेपर काढणाऱ्याची लपवायची जागा तुला लांबून दिसायला लागेल. हे मी इतक्या मुलामुलींकडून करून घेतलं आहे की खात्रीने लिहिते आहे.

गाडीत वही उघडता येत नाही हे मला माहीत आहे. दिव्याहून सकाळी चढायला मिळालं तरी पुष्कळ, हात वर केला तर खाली आणायला जागा नसते. तेव्हा वही नको, एक वाक्य ने. घरातून निघताना पाठ कर: ‘शी हॅज बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ धिम्या गाडीने दादरपर्यंत चौदा स्टेशनं आहेत. मुंब्र्याला ‘शी’च्या जागी ‘दे’ घाल, ‘हॅव’ होतं का बघ. कळव्याला ‘फॉर थ्री इयर्स’ काढून ‘सिन्स २०२२’ घाल. ठाण्याला प्रश्न कर. मुलुंडला नकार. नाहूरला ‘शी’ काढून ‘वन ऑफ द नर्सेस’ घाल. भांडुपला ‘लास्ट यर’ घाल आणि मग काय काय बदलावं लागतं ते बघ; तिथे पूर्ण क्रियापदच बदलेल. आणि गाडीत ‘पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन’ ऐकू आलं की मनात पूर्ण वाक्य म्हण: ‘द नेक्स्ट स्टेशन इज कांजूरमार्ग.’ घोषणेला ‘द’ नसला तरी चालतो, पेपरातल्या वाक्याला चालत नाही. रोज चौदा वेळा तो ‘द’ जिभेवर आला, तर महिन्याभरात त्याची जागा रिकामी राहिलेली कळेल. अभ्यासिकेत इंग्रजी वर्तमानपत्र येत असेल तर अग्रलेख पूर्ण वाचायच्या मागे लागू नकोस. एकच परिच्छेद घे, त्यातला प्रत्येक ‘द’ पेन्सिलीने अधोरेखित कर आणि स्वतःला विचार, कोणता ते ठरलेलं आहे म्हणून आला आहे का? शब्दसंग्रहासाठी वाचायचं ते वेगळं वाच.

आणि माध्यमाचं मनातून काढून टाक असं मी म्हणणार नाही, कारण ते असं म्हणून निघत नाही. दोनदा परीक्षा हुकली की टोचतंच. पण तुझ्या सात चुकांवरचा उपाय मराठीतच सापडला आणि दोनांवरचा देवनागरीत, हे तू स्वतः ताडून बघ.

तुझ्या यादीतलं अकरावं वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे: ‘निदर द डॉक्टर नॉर द नर्सेस वॉज प्रेझेंट.’ इतका वेळ मी सांगितलं, जवळच्या नामावर जाऊ नकोस. इथे मात्र जवळचंच नाम ठरवतं. ‘आयदर-ऑर’ आणि ‘निदर-नॉर’ आलं की क्रियापदाला लागून असलेला कर्ता बघायचा; ‘नर्सेस’ अनेक, म्हणून ‘वेअर’. क्रम उलटा असता, आधी नर्सेस आणि नंतर डॉक्टर, तर ‘वॉज’ बरोबर ठरलं असतं. वहीच्या पहिल्या पानावर हेच वाक्य लिही, खाली तुझ्या दवाखान्यातली तीन, आणि महिन्याभराने पहिल्या दहा पानांचे फोटो मला पाठव.